काळं कापड, पितळेची टोपी आणि विजेचा लखलखाट
(आपल्या भागातल्या स्टुडिओ फोटोची गोष्ट)

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं सेक्रेटरी साहेबांनी दिवाळीतच सांगितलं होतं. मी म्हणालो, "मी कसला लेखक? आयुष्यभर फोटो काढले." त्यावर ते म्हणाले, "मग फोटोवरच लिहा की. आणि त्या सात फोटोंची हकिगत पण येऊ द्या." तर लिहायला बसलो आहे. चुकलं-माकलं सांभाळून घ्यावं.

ज्या सात फोटोंविषयी सेक्रेटरी बोलले, ते आता आपल्या हॉलच्या भिंतीवर लागले आहेत. आपल्या सोसायटीच्या संस्थापक सभासदांपैकी आज आपल्यात असलेल्या सात जणांचे ते काळेपांढरे फोटो. ते मोबाईलवर काढलेले नाहीत. माझ्या वडिलांच्या लाकडी कॅमेऱ्यावर, फिल्मवर आणि स्टुडिओच्या फ्लॅश लाइटवर काढलेले आहेत. आठवीतल्या एका नातवानं विचारलं, "काका, एवढा उपद्व्याप कशाला? मोबाईलनं दोन मिनिटात झालं असतं." त्याला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर समजा. पण उत्तर द्यायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

हैदराबादचे राजे, मुंबईचे मास्तर

फोटोची कला आपल्या देशात लवकर आली. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गच निघाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या माणसानं मुंबईत धंदा म्हणून स्टुडिओ चालवला. म्हणजे आगगाडी आली त्याच सुमाराला आपल्याकडे कॅमेराही आला.

आपला जिल्हा मात्र तेव्हा मुंबईकडे नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे आपल्याला जवळचं मोठं नाव म्हणजे राजा दीनदयाळ. हे मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४ चा. रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, इंदूरला सरकारी नोकरी केली आणि तिथंच कॅमेऱ्याचा नाद लागला. पुढं सिकंदराबादला स्टुडिओ काढला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं आणि "मुसव्विर जंग" असा किताब दिला. वेरूळच्या लेण्यांचेही फोटो त्यांनी काढले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तिथं एका इंग्रज बाईंना नेमलं. १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला. १९०५ साली ते वारले. त्यांच्या काचेच्या हजारो निगेटिव्हज आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. काचा जपल्या म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची माणसं आजही आपल्याकडे बघतायत. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आपल्या मराठी माणसांचं या कलेशी नातं जुनं आहे. पहिले चित्रपट करणारे सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मूळचे फोटोग्राफर. दादासाहेब फाळके यांनीही आधी गोध्र्याला फोटोचा धंदा केला. पुढं बडोद्याला त्यांचा धंदा बसेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा उठली होती. गिरगावातले नारायण विनायक विरकर यांनी १९१९ मध्ये जालियनवाला बागेच्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांचे फोटो काढले. हे सगळे लोक जड लाकडी कॅमेरे, काचा आणि तिपाई घेऊन फिरत होते.

कॅमेरा मोठा, म्हणून भूकही मोठी

लाकडी कॅमेऱ्याला आमच्याकडे "पेटी" म्हणत. पुढं भिंग, मागं दुधी काच, मध्ये कातडी किंवा कापडी भाता. फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या काचेवर बघतो. तिथं समोरचा माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. लहानपणी मला वाटायचं, दादा कापडाखाली सगळ्यांना उलटं टांगतात. (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.)

आमची पेटी हाफ प्लेटची, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचाची. केरळात अलप्पुळाला वागीश्वरी नावाचा कारखाना होता. सागवान आणि पितळ वापरून तिथं बनवलेले कॅमेरे भारतभरच्या स्टुडिओत गेले. आमचा त्यातलाच. आज पण त्याचं पितळ चिंचेनं घासलं की लखलखतं.

आता मोठ्या कॅमेऱ्याची एक अडचण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मोबाईलमध्ये चेहरा, मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं एकदम स्पष्ट येतं, कारण त्यातला सेन्सर नखाएवढा असतो. फिल्म तळहाताएवढी झाली की तसं होत नाही. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं तर डोळा स्पष्ट येतो आणि कान पुसट होतो. दोन्ही हवे असतील तर भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं. ते आकड्यात मोजतात: एफ/८, एफ/११, एफ/१६, एफ/२२. आकडा मोठा तसं छिद्र लहान. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. एफ/८ वरून एफ/२२ वर गेलं म्हणजे तीन पायऱ्या, म्हणजे उजेड आठपट पाहिजे.

हा आठपट उजेड आणायचा कुठून? माझ्या मते स्टुडिओ फोटोग्राफीचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

सूर्य, बारूद आणि बल्ब

पहिलं उत्तर अर्थातच सूर्य. जुन्या स्टुडिओत छपराला किंवा भिंतीला काच असायची, तीही उत्तरेकडे. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, सारखा मऊ उजेड येतो. दादांच्या स्टुडिओतही उत्तरेला मोठी खिडकी होती आणि तिला पांढरा पडदा. फोटोची वेळ सकाळी दहा ते चार. आभाळ आलं की धंदा बंद. एक फोटो घ्यायला दोन-तीन सेकंद लागायची. आमच्या भिंगाला शटर नव्हतं, पितळेची टोपी होती. दादा टोपी काढायचे, मनात "एक राम, दोन राम, तीन राम" म्हणायचे आणि टोपी लावायचे. तेवढा वेळ गिऱ्हाइकानं दगडासारखं बसायचं. आपल्या आजोबा-पणजोबांचे फोटो इतके गंभीर का दिसतात, याचं एक कारण हे. हसू तीन सेकंद टिकत नाही हो!

दुसरं उत्तर आलं जर्मनीतून. १८८७ मध्ये मिथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची भुकटी आणि पोटॅशियम क्लोरेट मिसळून फ्लॅश पावडर केली. ठिणगी दिली की भप्पकन उजेड आणि मागून पांढरा धूर. उजेड भरपूर, पण ती एक प्रकारची बारूदच. कितीतरी फोटोग्राफरांचे हात आणि भुवया भाजल्या. एक फोटो काढला की धूर जाईपर्यंत दुसरा काढता येत नसे.

तिसरं उत्तर फ्लॅश बल्ब, हाही जर्मनीतलाच. १९२९-३० च्या सुमाराला तो बाजारात आला. काचेत बंद केलेला जाळ, त्यामुळं धूर नाही. पण एक बल्ब एकदाच पेटणार, मग फेकून द्यायचा. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला एका फोटोमागं एक बल्ब कुठून परवडणार?

म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्टुडिओंनी बराच काळ साधे मोठे दिवे वापरले. पाचशे-पाचशे वॅटचे दोन फोटोफ्लड, वर पत्र्याच्या थाळ्या. उन्हाळ्यात त्या दिव्यांखाली बसलेल्या नवरीची पावडर घामानं ओघळायची. दादा हातात पंखा घेऊन वारा घालायचे, मग टोपी काढायचे. आणि भारनियमन असलं की पुन्हा उत्तरेची खिडकी.

वीज साठवून ठेवणारा डबा

चौथं उत्तर म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश, ज्याला स्ट्रोब म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन नावाचे प्राध्यापक होते. फिरत्या यंत्राचे भाग थांबल्यासारखे दिसावेत म्हणून त्यांनी १९३१ च्या सुमाराला विजेचा झटपट लुकलुकणारा दिवा तयार केला. पुढं त्यांनी त्यानंच बंदुकीची गोळी आणि दुधाचा थेंब हवेत "थांबवून" दाखवला. तोच दिवा स्टुडिओत आला.

त्याचं काम आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे. बोअरची धार बारीक असते, पण टाकी भरून ठेवली आणि मोठा व्हॉल्व्ह एकदम उघडला तर लोंढा येतो. स्ट्रोबमध्ये टाकीच्या जागी कपॅसिटर असतो. भिंतीतल्या प्लगमधून तो काही सेकंदात हळूहळू भरतो. बटण दाबलं की सगळी साठलेली वीज झेनॉन वायूच्या काचेच्या नळीतून एकदम जाते आणि लखलखाट होतो. तो साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो. टाकी किती लिटरची तसं इथं किती ज्यूलची हे विचारतात. दोनशे, चारशे, हजार ज्यूल. त्या लखलखाटावर पांढरी छत्री धरली की उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर पसरतो. लग्नात तुम्ही ज्या छत्र्या बघता त्या याच.

मोठ्या कॅमेऱ्याला यानं मोठा दिलासा दिला. छिद्र एफ/१६ किंवा एफ/२२ पर्यंत बारीक करता येऊ लागलं आणि तरी माणसाला दगड व्हावं लागेना. पापणी लवायच्या आत काम झालेलं असतं. उकाडा नाही, धूर नाही, दर फोटोला नवा बल्ब नाही.

पण दोन हिशेब करावेच लागतात. पहिला अंतराचा. दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून छत्री चेहऱ्याच्या जितकी जवळ तितकी बरी. दुसरा भात्याचा. वस्तू जवळून घ्यायची असेल तर भाता लांब ओढावा लागतो, आणि भाता जितका लांब तितका उजेड फिल्मपर्यंत पातळ होऊन पोचतो.

जवळचंच उदाहरण घेऊ. आपल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशीच एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ मध्ये सापडली. तेर म्हणजे जुनं तगर, तिथून रोमपर्यंत व्यापार चालायचा याची ती खूण. समजा, अशा वीतभरही नसलेल्या मूर्तीचा मोठ्या फिल्मवर मूळ आकाराएवढा फोटो घ्यायचाय. तेव्हा भाता नेहमीच्या दुप्पट लांब होतो आणि उजेड चौपट लागतो. त्यात छिद्र बारीक ठेवायचं म्हणजे आणखी आठपट. चार गुणिले आठ, बत्तीसपट! एवढा मोठा फ्लॅश कुणाकडं असणार? मग कारागीर काय करतो, तर खोली पूर्ण अंधारी करतो, शटर उघडं ठेवतो आणि तोच फ्लॅश पुन्हा पुन्हा उडवतो. दोन वेळा उडवला की एक पायरी मिळते, चार वेळा दोन, आठ वेळा तीन. मूर्ती हलत नाही म्हणून हे चालतं. माणसाला मात्र एकाच लखलखाटात पकडावं लागतं.

दादांची वही

दादांनी असा फ्लॅश ऐंशीच्या दशकात घेतला. पेटी तीच, पितळेची टोपी तीच. ज्या भिंगाला शटरच नाही त्याला फ्लॅश जोडणार कसा? दादांनी सोपी युक्ती केली. दिवे घालवायचे, अंधारात टोपी काढायची, फ्लॅशचं बटण हातानं दाबायचं, टोपी लावायची, दिवे लावायचे. अंधारात फिल्मवर काही उमटत नाही. उमटतं ते फक्त लखलखाटातलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मालक, लाइट गेली का काय?" आणि तेवढ्यात फोटो निघालेला असायचा.

तोवर काचेच्या प्लेटा गेल्या होत्या आणि शीट फिल्म आली होती. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा "इंदू" छापही दुकानात मिळायचा. दादांच्या स्टुडिओतल्या पडद्यावर भवानीमाता शिवरायांना तलवार देतेय असं चित्र होतं. तुळजापूरचं दर्शन करून आलेली नवी जोडपी त्याच्यापुढं बसायची. १९८२ पर्यंत लातूरही आपल्याच जिल्ह्यात होतं, त्यामुळं तिकडची गिऱ्हाइकंही पुष्कळ. प्रत्येक निगेटिव्ह दादा पाकिटात घालून त्यावर नंबर टाकायचे आणि वहीत गाव, नाव, तारीख लिहायचे. अशा सतरा वह्या होत्या. मी चिडवायचो, "दादा, परत कोण मागायला येणार हे?"

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, लोहारा, उमरगा. त्याबद्दल आपल्यातल्या कुणालाच वेगळं सांगायला नको. पंधरा-वीस दिवसांनी लोहारा तालुक्यातले एक गृहस्थ स्टुडिओत आले. पायात चप्पल नव्हती. म्हणाले, "मालक, माझ्या लग्नाचा फोटो तुमच्याकडंच काढला होता. तुळजापूरहून येताना. साल एकोणऐंशी असंल. घरात आता काहीच ऱ्हायलं न्हाई." घरात काही राहिलं नाही म्हणजे काय, ते विचारायची हिंमत झाली नाही.

दादांनी वह्या काढल्या. त्या दिवशी सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नंबर सापडला आणि मग पाकीट. दादांनी त्याच रात्री प्रिंट केली, मोठी, दहा बाय बाराची. ते गृहस्थ प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बाकावर बसले होते. नंतर नुसतं म्हणाले, "तिचं कुंकू लई ठळक आलंय." दादांनी पैसे घेतले नाहीत. त्यानंतर कितीतरी महिने तशी माणसं येत राहिली. काहींचं सापडलं, काहींचं नाही.

माझ्या हातून झालेली चूक

हे सगळं डोळ्यांनी बघूनही पुढं मी काय केलं ते लिहायलाच हवं. त्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

१९९३ नंतर मतदार ओळखपत्रांचं काम आलं, मग रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल. पेटी माळ्यावर गेली. दादा गेले. २००९ मध्ये मी स्टुडिओची जागा सोडली. नव्या घरात जागा नव्हती. जुन्या फिल्ममधून चांदी काढणारे व्यापारी तेव्हा फिरायचे. निगेटिव्हवरची काळी प्रतिमा म्हणजे चांदीच असते, ते ती उकळून काढतात. मी तीन पोती निगेटिव्ह वजनावर विकल्या. वह्या तेवढ्या ठेवल्या, का ते माहीत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी आपल्याच बी विंगमधल्या एका ताईंनी विचारलं, "दादा, माझ्या आई-वडिलांचा फोटो तुमच्या स्टुडिओत काढलेला, निगेटिव्ह असेल का हो?" मी वही काढली. नाव सापडलं, गाव सापडलं, तारीख सापडली, नंबर सापडला. पाकीट नव्हतं. ते कुठल्या पोत्यात गेलं हे मला माहीत होतं. ताईंना मी "सापडत नाही" एवढंच म्हणालो. आज इथं खरं सांगतोय. ताई, मला माफ करा.

पंचवीस शीट

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या मीटिंगमध्ये संस्थापक सभासदांच्या फोटोचा विषय निघाला, तेव्हा मी हात वर केला. आपल्या पहिल्या चेअरमन काकांचा फोटो हॉलमध्ये लावायचा होता, तेव्हा आपल्याला कुठं काही मिळालं नव्हतं हे आठवत असेल. शेवटी रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात काकांचे डोळे म्हणजे दोन ठिपके आहेत. ज्या माणसानं प्लॉटच्या एनएसाठी, पाण्याच्या लाइनसाठी, रजिस्ट्रेशनसाठी चपला झिजवल्या, त्याचे डोळे आपल्याकडं नाहीत. बाकीच्या सात जणांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

पेटी माळ्यावरून काढली. भात्याला चार भोकं होती, ती काळ्या कापडानं आणि डिंकानं बुजवली. सुतारमामांकडून जुन्या प्लेटच्या चौकटीत चार बाय पाच इंची फिल्म बसेल अशी पट्टी करून घेतली. इल्फर्डची १२५ आयएसओची एक पेटी मागवली, त्यात पंचवीस शीट. एका लग्नाच्या फोटोग्राफर पोराकडून चारशे ज्यूलचे दोन फ्लॅश आणि छत्र्या दोन दिवसांसाठी आणल्या. आणि हौसेनं एक जुनं पण शटर असलेलं भिंग विकत घेतलं. म्हटलं, आता टोपीचा खेळ कशाला?

दोन शीट चाचणीला घालवल्या, छान आल्या. रविवारी सकाळी हॉलमध्ये सातही जण आले. काकूंनी ठेवणीतली इरकल नेसली होती, अण्णांनी टोपी घातली होती. प्रत्येकाचे दोन-दोन फोटो घेतले, चौदा शीट. रात्री बाथरूमच्या फटींना गोधड्या लावून अंधारात फिल्म धुतल्या. दिवा लावला तर चौदाच्या चौदा कोऱ्या. पाण्यासारख्या पारदर्शक.

कारण सापडायला पहाट झाली. जुन्या शटरला एक छोटी खिटी असते, तिच्या दोन खुणा: एम आणि एक्स. फ्लॅश बल्ब पेट घ्यायला क्षणभर वेळ लावतो, म्हणून "एम" वर शटर उघडायच्या थोडं आधीच बल्बला इशारा जातो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला असा वेळ लागत नाही, त्याला "एक्स" लागतो. चाचणीनंतर भिंग पुसताना ती खिटी सरकून "एम" वर गेली होती. म्हणजे प्रत्येक वेळी हॉलमध्ये लखलखाट झाला, सगळ्यांनी बघितला, पण तो विझल्यावर शटर उघडलं. डोळ्यांना दिसलं आणि फिल्मला दिसलंच नाही.

आता नऊ शीट उरल्या होत्या आणि माणसं सात. सगळ्यांच्या दारात जाऊन पुन्हा या म्हणायचं. अण्णा हसले. चौथ्या मजल्यावरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकू मात्र म्हणाल्या, "एकदा बसले की बाबा. लिफ्ट बंद हाय, गुडघे कुठं मला पुन्हा उतरू देतायत?" मी सगळी हकिगत सांगितली, पोत्यांची सुद्धा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तूच वर ये की तुझा बारदाना घेऊन. आणि ह्यांची खुर्ची शेजारी ठेव."

यावेळी नवीन भिंग काढून ठेवलं आणि दादांचं भिंग लावलं, पितळेच्या टोपीचं. संध्याकाळी सात नंतर, खिडक्यांना चादरी लावून. छत्री चेहऱ्यापासून चार फुटांवर. मीटरनं एफ/२२ दाखवलं. भात्याचा हिशेब धरून एफ/१६ वर थांबलो. दिवा घालवला, टोपी काढली, बटण दाबलं, टोपी लावली. काकू अंधारातच म्हणाल्या, "झालं? एवढ्यासाठी माझा जीव खाल्लास होय!" त्या वाक्याच्या आधीचं हसू फोटोत आलंय. भिंतीवर डावीकडून तिसरा फोटो बघा. शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या वेताची वीणसुद्धा मोजता येते.

सात शीट, सात फोटो. दोन शीट उरल्या. एक मी बी विंगमधल्या ताईंसाठी वापरली. त्यांच्या आई-वडिलांचा फोटो मला परत देता येणार नाही, पण त्यांचा आणि त्यांच्या लेकीचा एकत्र फोटो काढून दिला. निगेटिव्हसह. शेवटची शीट अजून पेटीत आहे.

तर आठवीतल्या माझ्या छोट्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: मोबाईलचा फोटो वाईट नाही. पण तू दिवसाला पन्नास काढतोस आणि फोन बदलला की पन्नासही जातात. तळहाताएवढी निगेटिव्ह पाकिटात, थंड कोरड्या जागी ठेवली तर तुझ्या नातवापर्यंत टिकेल. तिला चार्जर लागत नाही, पासवर्ड लागत नाही, उजेडासमोर धरली की माणूस दिसतो. मात्र ती कुणीतरी ठेवावी लागते. माझ्यासारखी विकू नये.

शेवटी सर्व सभासदांना एक विनंती. या दिवाळीच्या सफाईत ट्रंका, माळे, देव्हाऱ्याखालचे कप्पे बघा. जुना फोटो, काच, निगेटिव्ह काहीही सापडलं तरी टाकू नका. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. घरातल्या ज्येष्ठांना आत्ताच विचारून लिहा, पुढच्या वर्षीवर ढकलू नका. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. तुमचे जुने फोटो आणा, मी त्यांची कॉपी करून मूळ फोटो तुम्हाला तिथंच परत देईन. पैसे नाहीत. नोंद मात्र होईल, नंबर टाकून. त्यासाठी मी वही घेतली आहे, अठरावी.

– एक सभासद, सी विंग

(माझ्या नावापेक्षा दादांची पेटी लक्षात राहावी, म्हणून नाव दिलेलं नाही. ओळखणारे ओळखतीलच.)